अमेरिकन कॉलेज टेनिस: कोचच्या नजरेत मुलगी भरायची कशी?

पुण्यातली_आई

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे परदेशातले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

मुलगी यंदा दहावी झाली, सीबीएसई. लहानपणापासून टेनिस खेळते. एआयटीएच्या (ऑल इंडिया टेनिस असोसिएशन) अंडर-१६ स्पर्धा नियमित खेळते, आयटीएफच्या जे-३० मध्ये (आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांची सुरुवातीची पायरी) क्वालिफाइंग खेळून झालंय, मेन ड्रॉ अजून नाही. यूटीआर (निकालांवरून काढलेलं टेनिसचं रेटिंग, आकडा मोठा तितका खेळ वरचा) सध्या ७.३. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एममध्ये खेळली आणि नंतर २०२३ च्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं सुवर्ण घेऊन आली, हे हिने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचं हेच डोक्यात आहे.

मार्चमध्ये आम्ही बऱ्याच कोचना ईमेल केले. (मीच केले, हिची बोर्डाची परीक्षा चालू होती.) एकाचंही धड उत्तर नाही. "हा फॉर्म भरा", "आमच्या समर कॅम्पला या", एवढंच. मग एका एजन्सीशी बोललो. ते सहा लाख मागताहेत आणि फुल स्कॉलरशिप गॅरंटीड म्हणतात. यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात दोन वर्षं चांगलं कोचिंग होईल. तेही पटतं.

भारतातून, जर्मनीहून, ब्राझीलहून एवढ्या मुली अर्ज करत असताना आपली मुलगी उठून कशी दिसणार? आणि अकरावीला गणित सोडून कॉमर्स घ्यायचा विचार आहे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही सेशन होतील. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

धनकवडी_एक्सप्रेस

गॅरंटी शंभरच्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्या म्हणावं. पुढचा फोन येणार नाही.

डावखुरी

ताई, सावकाश लिहिते, चहा घेऊन बसा.

मी मूळची सांगलीची. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका लहानशा डिव्हिजन टू (एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिच्या तीन गटांपैकी दुसरा) कॉलेजकडून चार वर्षं खेळले आणि नंतर तिथेच मास्टर्स करताना ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून टीमबरोबर होते. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे बॉल उचलणे, व्हॅन चालवणे आणि हेड कोचचा इनबॉक्स उपसणे. त्या इनबॉक्सबद्दल सांगते, कारण तुमचे ईमेल तिथेच जाऊन पडलेत.

आधी उत्तर का आलं नाही ते. डिव्हिजन वन आणि टूच्या टेनिस कोचना दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी खेळाडूशी रिक्रूटिंगबद्दल लिहायला-बोलायलाच परवानगी नाही. प्रश्नावलीचा फॉर्म आणि कॅम्पचं पत्रक तेवढं पाठवता येतं. म्हणजे तुम्हाला जे आलं ते नियमाप्रमाणेच आलं. डिव्हिजन थ्री आणि एनएआयए या दुसऱ्या, लहान संघटनेच्या कॉलेजांना हे बंधन नाही. तुमच्या यादीत ती नसावीत, किंवा ईमेलमध्ये त्यांना धरून ठेवण्यासारखं काही नसावं. १५ जूननंतर पुन्हा लिहा, आणि या वेळी मुलीने लिहायचं. तिच्या ईमेलवरून, तिच्या शब्दांत, दोन चुका राहिल्या तरी चालतील.

आता उठून दिसण्याबद्दल. सोमवारी सकाळी आमच्याकडे ईमेलचा ढीग असायचा. दहातल्या नऊ सुरुवातीलाच सांगायच्या की मी मेहनती आहे, टेनिस माझं पॅशन आहे, तुमच्या नामांकित विद्यापीठाकडून खेळणं हे माझं स्वप्न आहे. त्या "नामांकित" विद्यापीठाचं नाव कधीकधी दुसऱ्याच कॉलेजचं असायचं, कॉपी-पेस्ट करताना बदलायचं राहून गेलेलं. मला हसू यायचं, हेड कोचना यायचं नाही. ते थेट डिलीट करायचे.

त्यांच्या केबिनमध्ये एक व्हाइटबोर्ड होता. त्यावर टीममधल्या प्रत्येकीचं नाव, पुढे ती कोणत्या वर्षी पास होणार, आणि सिंगल्स-डबल्समध्ये कितव्या क्रमांकावर खेळते ते. जी जाणार तिच्याभोवती लाल वर्तुळ. ते ईमेल वाचायचे ते त्या लाल वर्तुळाकडे बघत. जगातली सर्वोत्तम मुलगी त्यांना नको होती, मिळणारही नव्हती. त्यांना त्या वर्षी, त्या जागेवर बसणारी मुलगी हवी होती. त्यामुळे "मी किती चांगली" यापेक्षा "तुमच्याकडे २०२८ च्या फॉलमध्ये (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणारं सत्र) ही जागा रिकामी होतेय, त्या जागेवर मी काय देऊ शकते" असं लिहिणारी आपोआप वेगळी दिसायची. बोर्डावरचं हे सगळं जवळजवळ जसंच्या तसं टीमच्या वेबसाइटवर असतं. रॉस्टर (टीमची यादी) उघडा, कोण कोणत्या वर्षाला आहे ते बघा, मागच्या सीझनचे निकाल उघडा, पाचव्या-सहाव्या क्रमांकावर कोण खेळलं ते पाहा आणि त्यांचे यूटीआर काढा. तुमची मुलगी त्या आकड्याच्या आसपास असेल तर तिथे लिहिण्यात अर्थ आहे. टीमच्या सगळ्यात खालच्या मुलीचा यूटीआर १० असेल तर कितीही सुंदर व्हिडिओ करा, उपयोग नाही.

डबल्सबद्दल आपल्याकडे कुणी गंभीर नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. डिव्हिजन वनच्या सामन्यात सात गुण असतात. आधी तीन डबल्स होतात, एकेक सेटच्या. त्यातल्या दोन जिंकल्या की टीमला एक गुण. मग सहा सिंगल्स, प्रत्येकी एक. चार गुण झाले की सामना खिशात. बरोबरीच्या टीममध्ये डबल्सच्या त्या एका गुणावर सगळं फिरतं. शिवाय नो-ॲड: ड्यूसला, म्हणजे ४०-४० झालं की, एकच पॉइंट, घेतला त्याचा गेम. अशा वेळी नेटवर हात न कापणारी मुलगी सोन्याच्या भावाने जाते. माझ्याच काळात आमच्याकडे दोन मुलींमध्ये निवड करायची होती. एकीचा यूटीआर चांगला अर्ध्या पॉइंटने जास्त. पण दुसरीने व्हिडिओत अख्खा डबल्स सेट टाकला होता, ॲड कोर्टवरून (कोर्टाची डावी बाजू) खेळलेला, आणि आमची जाणारी मुलगी ॲड कोर्टचीच होती. कोचनी दुसरीला घेतलं, पंधरा मिनिटांत निर्णय. आपल्याकडच्या मुलींच्या व्हिडिओत बहुधा बास्केट फीडवरचे (कोचने टोपलीतून टाकलेले बॉल) फोरहँड असतात, एकामागून एक, वर पंजाबी गाणं.

तर व्हिडिओ. कॅमेरा बेसलाइनच्या मागे, कुंपणाच्या उंचीवर, स्थिर. पूर्ण कोर्ट दिसलं पाहिजे. सुरुवातीला चार-पाच मिनिटं मॅचमधले पॉइंट, हरलेले सुद्धा ठेवा. खाली एका पूर्ण न कापलेल्या सेटची लिंक. कोच पॉइंटच्या मधला वेळ बघतात, खरंच. चूक झाल्यावर मुलगी कुंपणाकडे आईबाबांकडे बघते का, रॅकेट आपटते का, पार्टनरकडे जाऊन बोलते का. गाणं नको, स्लो मोशन नको.

एआयटीए रँकिंगचं तिथे कुणाला काही कळत नाही, ते ईमेलच्या शेवटी एका ओळीत टाका. वर यूटीआर आणि वर्ल्ड टेनिस नंबर (आयटीएफचं रेटिंग). यूटीआर वाढवायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तो गेम मोजतो, नुसती हारजीत नाही. आपल्यापेक्षा चांगल्या मुलीकडून ४-६, ४-६ हरलं तर आकडा वर जाऊ शकतो, आणि कच्च्या मुलीला ६-४, ६-४ हरवलं तर खाली येऊ शकतो. मागच्या बारा महिन्यांतले जास्तीत जास्त तीस सामने धरतात. सोपे ड्रॉ शोधून ट्रॉफ्या गोळा करण्यात काही हशील नाही. ५-१ ला पुढे असताना ढिलं पडायचं नाही, एवढंच.

आणि ताई, गणित. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मी सगळ्यात शेवटी लिहितेय. डिव्हिजन वनच्या पात्रतेसाठी नववी ते बारावीतले १६ कोअर विषय मोजतात: इंग्लिश चार वर्षांचं, गणित तीन वर्षांचं, विज्ञान दोन, समाजशास्त्र दोन, बाकीचे इतर. नववी आणि दहावीचं गणित धरलं तरी एक वर्ष कमी पडतं. अकरावीला गणित सोडण्याआधी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर भारतासाठी काय मागतात ते बसून वाचा. कॉमर्स घ्या, हरकत नाही, पण गणितासकट घ्या. नववीची मार्कशीटसुद्धा लागते, ती शोधून ठेवा. आपल्याकडे नववीचा कागद कुणी जपून ठेवत नाही.

पुण्यातली_आई

बाप रे. गणिताचं आम्हाला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं, एजन्सीनेही नाही! फॉर्म परवा भरायचा होता. मनापासून आभार.

मग एजन्सीचं काय करू? आणि ७.३ मध्ये फुल स्कॉलरशिप शक्य आहे का, खरं सांगा.

वाकड_बॅडमिंटन

एजन्सीला सरसकट शिव्या घालू नका. माझ्या भाचीने एकाची मदत घेतली, त्याने कॉलेजांची यादी नीट काढून दिली, कागदपत्रं वेळेत करून घेतली. सगळे चोर नसतात. आईबाप दोघं नोकरी करणारे असतील तर हे सगळं रात्री बसून करणार कोण?

डावखुरी

वाकड, बरोबर आहे, कागदपत्रांसाठी ठरावीक फी घेणारा प्रामाणिक माणूस असतो, मीही पाहिलेत. पण दोन गोष्टींवर लाल दिवा. एक, "गॅरंटीड". ऑफर कोच देतो, ॲडमिशन कॉलेज देतं, व्हिसा वकिलात देते. यातलं काहीच एजंटच्या हातात नाही. दुसरी, "स्कॉलरशिप मिळाली तर तिच्या इतके टक्के द्या" असा करार. स्कॉलरशिप मिळण्यावर फी ठरवणं एनसीएएच्या नियमात बसत नाही, मुलीची पात्रताच धोक्यात येते. सही करण्याआधी करार वाचा. आणि त्यांनी मुलीच्या नावाने दोनशे कोचना एकाच साच्यातला ईमेल मारायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या. एकाच आठवड्यात तोच मजकूर, खाली वेगवेगळ्या मुलींची नावं, असं आम्हाला यायचं. त्या एजन्सीचं नाव दिसलं की उघडायचोच नाही.

आता ७.३ चं. खरं सांगू? आज, या आकड्यावर, मोठ्या नावाच्या डिव्हिजन वन कॉलेजमध्ये नाही. पण तिच्याकडे दोन वर्षं आहेत, आणि कोच आकड्याइतकाच तो कुठून कुठे चाललाय तेही बघतात. दर तीन-चार महिन्यांनी तीन ओळींची बातमी पाठवत राहायची: या स्पर्धेत खेळले, अमक्याशी असा स्कोअर, यूटीआर आता इतका. हरलेली मॅचही लिहायची.

फुल स्कॉलरशिपचं गणित हल्ली बदललंय. पूर्वी डिव्हिजन वनच्या मुलींच्या टेनिस टीमला आठ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या, मुलांना साडेचारच, तीही तुकडे करून वाटलेली. म्हणून मुलींसाठी टेनिस हा चांगला रस्ता होता. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस खटल्यातली (खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएवर भरलेला) तडजोड मंजूर केली. तेव्हापासून जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये किती जणी याची मर्यादा आली, टेनिसला दहा. ऐकायला बरं वाटतं, पण कॉलेजने दहाही जणींना पैसे द्यायलाच हवेत असं कुठे लिहिलेलं नाही. खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभाही त्याच तडजोडीत आली, २०२५-२६ साठी एका कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. ते बहुतेक अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातात, टेनिसकडे क्वचितच फिरकतात. उलट काही कॉलेजांनी टेनिसची टीमच बंद केली. कॉलेज निवडताना हा प्रश्न कोचला सरळ विचारायला हवा, विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

त्यात ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी). दुसऱ्या कॉलेजकडून दोन वर्षं खेळलेली, निकाल समोर असलेली वीस वर्षांची मुलगी मिळत असेल तर कोच सतरा वर्षांच्या मुलीवर जुगार का खेळेल? म्हणून डिव्हिजन टू आणि एनएआयए गंभीरपणे बघा असं मी सांगते. तिथे टेनिसचे थोडे पैसे आणि मार्कांवरची स्कॉलरशिप एकावर एक रचून फी बरीच खाली येते. माझं तसंच झालं. गाव एवढंसं, मक्याची शेतं, एक वॉलमार्ट, पण मी चारही वर्षं लाइनअपमध्ये खेळले. मोठ्या कॉलेजात मी बेंचवर बसून टाळ्या वाजवल्या असत्या.

विमानाचं तिकीट, व्हिसा, सुट्टीतला खर्च सहसा कशातच धरलेला नसतो. ऑफर हातात आली की लेखी मागा. फोनवरच्या "वी वॉन्ट यू"ला किंमत नाही. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट असायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं. आता कॉलेजचा आर्थिक मदतीचा करार हाच कागद.

एडिसनचे_काका

डावखुरीताईंनी सगळं छान सांगितलंय. मी दुसऱ्या टोकाचं सांगतो, कारण आमचा मुलगा डिव्हिजन थ्रीमध्ये पोहतो.

आपल्या लोकांना डिव्हिजन थ्री म्हटलं की वाटतं तिसरा दर्जा. तसं नाही हो. एमआयटी डिव्हिजन थ्री आहे. शिकागो विद्यापीठ, विल्यम्स, अम्हर्स्ट, सगळी तीच. खेळाची स्कॉलरशिप तिथे शून्य, हे खरं. आयव्ही लीगसुद्धा खेळाची स्कॉलरशिप देत नाही. पण बऱ्याच ठिकाणी कोच ॲडमिशन ऑफिसला तुमचं नाव सांगू शकतो, आणि ती मदत पैशापेक्षा मोठी असू शकते. अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात कोच मार्कशीट आणि सॅट या प्रवेश परीक्षेचे मार्क मागवतो, ॲडमिशनवाल्यांना दाखवतो आणि ते सांगतात, पुढे जा किंवा वेळ घालवू नका. याला प्री-रीड म्हणतात. ते बरं आलं तर कोच म्हणतो की अर्ली डिसिजनला (मिळालं तर तिथेच जायचं असा लवकरचा अर्ज) अर्ज कर. इथे तो शब्द पक्का मानतात, तुम्ही दिला तर पाळायचा. सगळीकडे मात्र कोचचं चालत नाही. एमआयटीत कोचने पाठिंबा दिला तरी निर्णय ॲडमिशनवालेच घेतात.

आमच्या चिरंजीवांचा पोहण्याचा वेळ टीममधल्या चांगल्या पोरांपेक्षा जास्तच होता, म्हणजे तो हळूच. पण कॅल्क्युलस, फिजिक्स सगळं अवघड पातळीचं घेतलेलं आणि मार्क चांगले. कोच स्पष्ट म्हणाला, दोन पोरं सारखी पोहत असतील तर ज्याची फाइल ॲडमिशन ऑफिसमध्ये अडत नाही ते मी घेतो. तेव्हा गणित सोडू नका, याला माझंही अनुमोदन.

पैशाचं म्हणाल तर परदेशी मुलांना गरजेनुसार मदत देणारी कॉलेजं थोडी, पण आहेत. अम्हर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांचाही अर्ज घरची ऐपत न बघता वाचतात. स्पर्धा भयंकर आहे, तेही सांगून ठेवतो.

जाता जाता, इथे एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलं असलेले कुणी वाचत असतील तर: ते नाव-फोटो-जाहिरातीचे पैसे, एनआयएल म्हणतात ते, वकिलाला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनीही नाहीत. शेजारच्या अमेरिकन पोराने घेतले म्हणून आपण घेऊ नये.

पुण्यातली_आई

काका, ताई, आज यांना हे सगळं वाचून दाखवलं. गणित नक्की झालं, एजन्सीला नाही कळवलंय.

एक शेवटचं. १५ जूननंतर कोचने व्हिडिओ कॉल ठेवला तर आम्ही पालकांनी बसायचं का? मुलगी बुजरी आहे. आणि बारावीनंतर एक वर्ष फक्त टेनिस खेळून आकडा वाढवून मग गेलं तर?

डावखुरी

पहिल्या कॉलवर तिला एकटीला बसू द्या. फ्रेमच्या बाहेर बसून "सांग ना, स्टेट चॅम्पियनशिपचं सांग" असं कुजबुजणारे आईबाबा आम्हाला स्वच्छ ऐकू यायचे, मराठीत असलं की मला अर्थही कळायचा! बुजरेपणाचं कोचना काही नसतं. त्यांना बघायचं असतं की ही मुलगी घरापासून इतक्या लांब आजारी पडली, हरली, रूममेटशी भांडली तर स्वतः तोंड उघडून सांगेल का. तिने दोन-तीन प्रश्न स्वतः विचारले तरी पुष्कळ: डबल्सच्या जोड्या कशा ठरवता, दुखापत झाली तर स्कॉलरशिपचं काय होतं, सामन्याला प्रवासात असताना बुडालेल्या तासांचं काय करता. पैशाच्या कॉलला तुम्ही बसा, तो वेगळा ठेवतात.

तिच्या सध्याच्या कोचलाही सांगून ठेवा. अमेरिकेतून फोन येऊ शकतो आणि ते विचारतील की हरल्यानंतरच्या दिवशी ही कशी येते प्रॅक्टिसला. "व्हेरी गुड गर्ल, व्हेरी डिसिप्लिन्ड" एवढ्यावर थांबू नका म्हणावं, एखादा प्रसंग सांगा.

वर्ष गॅप घेऊन खेळण्याचं मात्र जपून. डिव्हिजन वनला टेनिसमध्ये बारावीनंतर साधारण सहा महिन्यांची सवलत धरतात, त्यापुढे स्पर्धा खेळत राहिलं तर खेळण्याची वर्षं कापली जाऊ शकतात. पात्रतेचे नियम सध्या भराभर बदलताहेत, म्हणून निर्णयाच्या वेळी एलिजिबिलिटी सेंटरचं ताजं पान बघा, मी लिहिलंय म्हणून धरून चालू नका. पण त्या सहा महिन्यांत एक सोय आहे जी आपल्याकडे कुणी वापरत नाही. टेनिसमध्ये जानेवारीत दाखल होता येतं. डिसेंबरात कुणी टीम सोडते, कुणाचा गुडघा जातो, आणि मुख्य सीझन तर जानेवारी ते मे. कोचला ऐन वेळी मुलगी हवी असते. बारावीच्या मार्चमध्ये "जागा नाही" म्हणालेल्या कोचला तिने ऑक्टोबरमध्ये पुन्हा लिहावं, नवा यूटीआर टाकून, आणि जानेवारीत येऊ शकते असं विषयाच्या ओळीतच सांगावं. व्हिसाच्या तारखा तेवढ्या आधी बघा, मुंबईला वाट बघायला लागते.